रविवारचं सालन

रविवारी फजरची नमाज झाली की मी पुन्हा अंथरुणाला पाठ लावत नाही. आठवड्यातून झोपायला मिळणारा तोच एक दिवस, असं शाळेतल्या इतर बाई म्हणतात. माझ्या रविवारची सुरुवात मात्र दोन किलो मुर्गी आणि दीड किलो कांद्यांनी होते. आमचे हे विजापूर वेशीतून मुर्गी घेऊन येतात. मुलगा लसूण सोलतो. मुलगी स्टीलचे डबे कोरडे पुसून ओट्यावर ओळीने मांडते. मी मोठी देगची गॅसवर चढवते. साडेदहाला सालन तयार होतं आणि बारा वाजेपर्यंत ते डब्यांत भरून फ्रीजमध्ये गेलेलं असतं. त्यानंतर गुरुवारपर्यंत माझ्या घरात मोठा स्वयंपाक होत नाही.

हे वाचून काही भगिनींच्या कपाळाला आठी पडेल, ते मला ठाऊक आहे. चार दिवसांचं सालन? म्हणजे बासीच की! माझ्या घरातही आधी हाच शब्द उच्चारला गेला. या एका शब्दाने माझ्या घरात दोन-तीन आठवडे जे काही घडलं, तेच मला सांगायचं आहे. सोबत सालनाची कृतीही सांगेन, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. शाळा अक्कलकोट तालुक्यात, घर सोलापूर शहरात. सकाळी पावणेनऊला निघायचं, एसटीने जायचं, संध्याकाळी सव्वासहाला परतायचं. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. डी.एड. करून २००८ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा वीस वर्षांची होते. लग्नानंतर, नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं. पहिलीपासून डी.एड.पर्यंत सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, बी.एड. मात्र मराठीतून केलं. आज मराठीत चार ओळी लिहू शकते ती त्या दोन वर्षांची कमाई.

सतरा वर्षांची नोकरी झाली होती. आता फक्त मुलांना शिकवायचं आणि आपली मुलं मोठी करायची, असं वाटत असतानाच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाही तर नोकरी सोडायची. माझी तर वीस वर्षं उरलेली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुलांची परीक्षा घेण्यात आमचं आयुष्य गेलं, आणि आता आम्हालाच बाकावर बसायचं होतं.

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. सोलापुरी टॉवेलची मागणी चढली की ओव्हरटाइम, उतरली की आठ-आठ दिवस घरी. घर माझ्या पगारावर उभं आहे हे आम्ही बोलत नाही, पण दोघांनाही माहीत आहे. म्हणून २३ नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरला. दुसरा पेपर. दीडशे गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित-विज्ञान. उर्दूनंतरची दुसरी भाषा म्हणून मी मराठी निवडली. पास व्हायला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण.

अभ्यास करायचा कधी? एका कागदावर माझा दिवस लिहून काढला. साडेसहा ते साडेआठ हे दोन तास रोज स्वयंपाकघरात जात होते. कांदा चिरा, वाटण वाटा, सालन करा, भाकऱ्या थापा, भांडी आवरा. पुस्तक उघडेपर्यंत दहा वाजायचे आणि व्हायगॉट्स्कीच्या दुसऱ्या ओळीवर डोळा लागायचा. कागदावर हिशेब अगदी सोपा दिसत होता. वाटण एकदाच केलं आणि मुर्गी एकदाच शिजवली, तर रोजचा दीड तास वाचतो. चार दिवसांचे सहा तास. परीक्षेपर्यंत दहा आठवडे. साठ तास!

मी हे रात्री जेवताना सांगितलं. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरीचा तुकडा हातात धरून थांबल्या.

"बासी खिलाती क्या गे बच्च्यां कू?"

"बासी नाही अम्मा, फ्रीजमध्ये ठेवणार."

"फ्रीज में रखे तो बासी ताजा होता क्या?"

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. आमचे हेही बोलले नाहीत; ताटाकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, जुनी माणसं. नोकरी गेली तर काय खाणार, हे त्यांना कुठे कळतंय?

सप्टेंबरमधल्या एका रविवारी पहिली देगची चढली. त्या महिन्यात आमच्या जिल्ह्याला पावसाने झोडपून काढलं होतं; सीनेला पूर आला होता. दिवसभर अभ्यास करून संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले. रोज जसं करते तसंच, फक्त चौपट. ओल्या नारळाचं वाटण घातलं, बटाटे घातले, चण्याची डाळ शिजवून त्यातच घोटली, वरून मूठभर कोथिंबीर पेरली. देगची काठोकाठ भरली. झाकण घट्ट लावून ओट्यावर ठेवली आणि पुन्हा पुस्तक घेतलं. दहाला आठवण झाली तेव्हा देगची अजून हाताला चटका देत होती. तशीच उचलून फ्रीजमध्ये ठेवली. मध्यरात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच आली.

सोमवारी मी शाळेतून यायच्या आधीच मुलीने एक वाटी काढून गरम करून खाल्ली होती. अम्मीने केलेलं, अम्मीनेच ठेवलेलं. तिला संशय का यावा? मी येऊन झाकण काढलं तर वर बारीक फेस होता आणि आंबूस वास. रात्री नऊपासून पोरीला उलट्या सुरू झाल्या. दवाखाना, सलाईन, दोन दिवसांची रजा. तिसऱ्या दिवशी ती हसायला लागली, पण ते दोन दिवस मी विसरणार नाही.

मी विज्ञान शिकवते. अन्न का नासतं, ते टिकवायचं कसं, वाळवणं, उकळणं, थंड करणं, मीठ, साखर हे सगळं फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेते. आणि माझ्याच घरात माझ्याच हाताने हे झालं. आमचे हे एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी देगची उचलली, मागच्या गटारात रिकामी केली आणि घासून पालथी घातली. ते चार शिव्या देते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री पोरीच्या उशाशी मी आणि अम्मा बसलो होतो. आज ना उद्या बोलणी खायचीच आहेत, म्हणून मी मान खाली घालून होते. बऱ्याच वेळाने अम्मा बोलल्या.

"दुल्हन, बासी मैं बी खिलाई मेरे बच्च्यां कू. क्या करती? तेरे कू तो तनखा है. तू कायकू खिलाती?"

लग्नाला पंधरा वर्षं झाली, तरी मी अम्मांची दुल्हनच आहे. पण पंधरा वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

माझे सासरे गिरणीत होते. सोलापुरात एकेका गिरणीचा भोंगा बंद होत गेला तेव्हा त्यांचंही काम गेलं. अम्मा बिडीच्या कामाला लागल्या. दिवसाला हजार बिड्या. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, पंचवीसचा एक कट्टा करायचा. सकाळी सूप मांडीवर घेतलं की अंधार पडेपर्यंत मान वर नाही. हजार पूर्ण झाल्या नाहीत, तर मजुरी कमी. मग चूल पेटवायची कधी? एकदा रात्री पाणीदार डाळ करून ठेवायची. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, रात्रीही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती आंबायची. त्यात आणखी मिरची टाकून, वास मारून, मुलांच्या ताटात वाढायची. मोहल्ल्यात कुणाकडे दावत असली की उरलेलं घरी यायचं, तेही दोन दिवस पुरवायचं.

"तेरा मर्द आंबी डाल खाके बडा हुआ," अम्मा म्हणाल्या. "पयली तनखा लाया ना, उस दिन मैं बोली, अब मेरे घर में दो टैम ताजा पकेगा. बासी नक्को."

तेव्हा कुठे मला त्यांचा शब्द कळला. मी बासी म्हणजे वेळेची बचत समजत होते. अम्मांच्या तोंडी बासी म्हणजे गरिबी होती. त्यांनी ती मोठ्या कष्टाने घराबाहेर घालवली होती आणि मी तिला फ्रीजमध्ये जागा करून देत होते. आमचे हे त्या दिवशी ताटाकडे का बघत होते, तेही तेव्हाच समजलं.

मी म्हटलं, "अम्मा, जाऊ दे. उद्यापासून पहिल्यासारखं रोज करीन."

अम्मा जरा वेळ पोरीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "इम्तिहान नक्को क्या तेरे कू?" आणि थोड्या थांबून, "ओला खोपरा कायकू डाली गे?"

खरं तर अन्न टिकवायचं कसं, हे माझ्यापेक्षा अम्मांनाच जास्त ठाऊक होतं. घरात फ्रीज नव्हता त्या काळात बकरी ईदचा हिस्सा त्यांनी आठ-आठ दिवस पुरवला होता. गोश्ताच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर घालून गच्चीवर कडक उन्हात वाळवायच्या. तो सुखा गोश्त पुढे महिनाभर डाळीत, भाजीत पडायचा. कोरमा करायचा तर पाणी अगदी कमी, तेल वर येईपर्यंत भाजलेला. आणि सकाळ-संध्याकाळ त्याला उकळी द्यायची. ओला चमचा आत जाऊ द्यायचा नाही. आणि आपण सोलापूरकर आहोत. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी याच गावाची. पापडासारखी पातळ वाळवलेली भाकरी टिकते, कारण तिच्यात पाणी नसतं. त्या भाकरीला कुणी बासी म्हणतं का?

मग आम्ही दोघींनी बसून नव्याने सालन ठरवलं. काही नियम अम्मांचे, काही माझ्या विज्ञानाचे.

अम्मांचा पहिला नियम असा की टिकवायचं असेल, तर आधी काय घालायचं नाही ते ठरवायचं. ओलं खोबरं नाही; ते सर्वांत आधी नासतं. त्याऐवजी सुकं खोबरं. डाळ नाही, ती आंबते. दुधी नाही, तो पाणी सोडतो. बटाटा नाही, बर्फात ठेवून बाहेर काढला की तो भुसभुशीत होतो. कोथिंबीर आणि लिंबू देगचीत नाही, ताटात. जे नाजूक आहे, ते ज्या दिवसाचं त्या दिवशी.

आता कृती. दोन किलो मुर्गी, हाडासकट. दुकानदाराला किलोचे बारा-तेरा तुकडे करायला सांगायचं, म्हणजे पंचवीस-सव्वीस बोट्या होतात. आम्ही पाच माणसं. पाच वेळा प्रत्येकाला एक बोटी. मांस धुऊन मीठ, हळद आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवायचं. दीड किलो कांदा बारीक चिरून वाटीभर तेलात तपकिरी करायचा. यात घाई चालत नाही; अर्धा तास तरी लागतोच. कांद्यातलं पाणी गेलं नाही, तर सालन टिकत नाही. मग आणखी आलं-लसूण, अर्धा किलो टोमॅटो, हळद, तिखट, धणेपूड आणि तीन मोठे चमचे घरचा काळा मसाला. टोमॅटोचा आंबटपणा टिकण्याच्या कामी येतो. पावशेरापेक्षा थोडं कमी सुकं खोबरं, दोन-दोन चमचे तीळ आणि खसखस वेगवेगळी कोरडी भाजून वाटायची आणि घालायची. तेल सुटेपर्यंत परतायचं. मग मुर्गी. ती सगळ्या बाजूंनी पांढरी झाली की उकळतं पाणी, बोट्या जेमतेम बुडतील इतकंच. झाकून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. हाडाजवळचं मांस शिजलं की गॅस बंद. हाड सुटेपर्यंत थांबायचं नाही, कारण वाढायच्या दिवशी तिला आणखी एकदा उकळी मिळणार आहे.

इथपर्यंत अम्मांचं राज्य. इथून पुढे माझं.

गरम देगची तशीच फ्रीजमध्ये ठेवायची नाही. ती आतून तासन् तास गरम राहते आणि शेजारचं दूधही तापवते. साधारण पाच ते साठ अंशांच्या मधली ऊब जंतूंना फार मानवते. अन्नाला त्या पट्ट्यातून लवकर बाहेर काढायचं, इतकीच सगळी युक्ती. मी सालन लगेच पसरट डब्यांत ओतते, डबे गार पाण्याच्या परातीत ठेवते, पाणी कोमट झालं की बदलते. मीठ घातलेले बर्फाचे खडे असले तर आणखी लवकर गार होतं. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत सगळे डबे फ्रीजमध्ये गेले पाहिजेत; आमच्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात एका तासातच. सोमवार-मंगळवारचे डबे खाली, बुधवार-गुरुवारचे वर बर्फाच्या कप्प्यात. बर्फातला डबा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवायचा, ओट्यावर नाही. ज्या दिवसाचा डबा त्याच दिवशी उघडायचा, खळखळून उकळायचा आणि उरलं तरी परत ठेवायचं नाही. वीज जास्त वेळ गेली तर लालूच करायची नाही.

एका मुद्द्यावर आमचं जुळलं नाही. अम्मांचं म्हणणं, रोज दोनदा सगळ्याला उकळी द्यावी. मी म्हटलं, फ्रीज नसताना ते बरोबर होतं. पण फ्रीजमधून काढून तापवायचं आणि परत गार करायचं, म्हणजे जंतूंना रोज दोनदा तीच ऊब द्यायची. आणि एकदा नासलेलं अन्न उकळून सुधारत नाही. जंतू मरतात, पण काही जंतूंनी सोडलेलं विष उकळीतही तसंच राहतं. अम्मांनी हे ऐकून घेतलं. "इसीच लिए पोट्टी बीमार पडी क्या?" एवढंच विचारलं. मी होय म्हटलं. त्यांच्या आंब्या डाळीबद्दल मी काही बोलले नाही. त्याही गप्प राहिल्या.

दुसऱ्या रविवारी नवं सालन झालं. प्रत्येक डब्यावर मी कागदी पट्टी चिकटवून उर्दूत वार लिहिला. पीर, मंगल, बुध, जुमेरात. अम्मा कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी एक डबा हातात घेऊन पट्टीवरून बोट फिरवलं आणि परत ठेवला.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा सकाळी भिजवलेली चण्याची डाळ तयार होती. ती कुकरमध्ये शिजवली, दुधीच्या फोडी आणि चिंचेचा कोळ घातला, पीरचा डबा त्यात उलटा केला. अर्ध्या तासात दालचा झाला. दस्तरखान पसरलं. मुलं जेवायला लागली. आमचे हे मात्र म्हणाले, "भूक नाही." कारखान्यात काहीतरी खाल्लंय म्हणाले. मी ओळखलं. आंब्या डाळीवर वाढलेला माणूस. दालचाचा रंग बघूनच त्याच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

अम्मा एरवी सगळ्यांच्या नंतर जेवायच्या. त्या दिवशी सरकून पुढे आल्या. ताट ओढून घेतलं, भात घेतला, दालचा घेतला, एक बोटी घेतली. पहिला घास लेकाकडे बघत बघत खाल्ला. सावकाश. मग दुसरा. मग म्हणाल्या, "खट्टा बराबर है. बैठ."

ते बसले.

त्यानंतर हा शिरस्ताच पडला. रविवारी बगारा खान्यासोबत ताजं सालन. सोमवारी दालचा. मंगळवारी ताजे बटाटे घालून पातळ रस्सा आणि त्यात कुस्करलेली कडक भाकरी. बुधवारी मेथीची जुडी निवडून मेथी-मुर्ग. गुरुवारी पाणी वाढवून, मिरे ठेचून शोरबा. अम्मांच्या दातांना तो बरा पडतो. मसाला एकच, मुर्गी एकच, पण मुलांना चार दिवस चार पदार्थ वाटतात. जुम्म्याला खिचडी-खट्टा. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे त्या दिवशी ताजं. आणि खरं सांगू? दुसऱ्या दिवशीची बोटी पहिल्या दिवसापेक्षा चविष्ट लागते. मीठ-मसाला आत मुरलेला असतो.

सगळं गोडच झालं असं नाही. नणंद आली की फ्रीज उघडून डबे मोजते आणि म्हणते, "भाभी, हे घर आहे की हॉटेल?" आणि मलाही काही गोष्टी खटकतात. संध्याकाळी घरात शिरताना कांदा परतल्याचा वास यायचा, तो चार दिवस येत नाही. अचानक पाहुणा आला तर मोजून ठेवलेल्या बोट्या पुरत नाहीत. तेव्हा अंडी उकडून रश्श्यात सोडते आणि पाहुण्यासमोर जरा ओशाळते. आमच्या घरात पाहुण्याला कधी मोजून वाढलं गेलं नव्हतं. वेळ वाचवायचा तर कशात तरी काटकसर आलीच. ती मी मान्य केली आहे.

पण ते सहा तास मला मिळाले. जेवणं आटोपली की मुलगा आणि मी एकाच टेबलावर बसायचो. तो त्याची गणितं करायचा, मी माझी. मराठी व्याकरणात मी अडले की मुलीच्या मैत्रिणीची आई, शेजारच्याच गल्लीतली, मराठी शाळेतली शिक्षिका, फोनवर समास समजावून सांगायची. तिच्यापुढेही हीच परीक्षा होती. मी तिला विज्ञान सांगायचे. एका रविवारी तिने सालनाची कृतीही लिहून घेतली. तिच्याकडे मुर्गी फक्त रविवारी आणि बुधवारी चालते, म्हणून तिने दोनच डब्यांचा हिशेब मांडला.

२३ नोव्हेंबर. परीक्षा नेमकी रविवारीच. माझा पेपर दुपारी होता. शनिवारी रात्री मी जाहीर केलं की या आठवड्यात देगची चढणार नाही, खिचडीवर भागवू. सकाळी उजळणी करत बसले. स्वयंपाकघरातून खुडबुड ऐकू येत होती, पण मला कुणी उठू दिलं नाही. मुलीने दारात उभं राहून सांगितलं, "दादी बोलली, अम्मी कू अंदर छोडना नहीं." दुपारी डाळ-भात खाऊन मी केंद्रावर गेले. माझ्या मागच्या बाकावर पन्नाशीचे एक गुरुजी होते. त्यांचा हात थरथरत होता. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि पेपर उलटला.

संध्याकाळी परत आले. घरभर परतलेल्या कांद्याचा वास भरलेला. फ्रीज उघडला तर चार डबे जागच्या जागी, दोन खाली, दोन वर. त्यांच्यावर पट्ट्या नव्हत्या. प्रत्येक डब्याला बिडीचा पातळ दोरा बांधलेला होता. पहिल्याला एक वेढा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. बिडीचं काम सुटून किती वर्षं झाली, पण दोऱ्याचं रीळ अम्मांनी पेटीत जपून ठेवलं होतं.

"पीर एक, मंगल दो," अम्मा मागून म्हणाल्या. "चल जाता ना?"

"चल जाता अम्मा."

"बोट्यां गिनी मैं. पच्चीस पूरे. एक कट्टा."

पुढे निकाल लागला. दीडशेपैकी सत्त्याण्णव. काठावरून सात गुण वर. शेजारच्या गल्लीतली ती शिक्षिकाही पास झाली. आता परीक्षा नाही, तरी रविवारचं सालन सुरूच आहे. मी वाचते, थोडंफार लिहिते. हा लेखही तशाच एका मंगळवारी लिहिलेला आहे.

त्या आठवड्यात गुरुवारी चौथा डबा काढला तेव्हा दोऱ्याला कात्री लावायला हात धजेना. गाठ सोडवायला गेले, तर ती सुटेना. हजारो कट्टे बांधलेल्या बोटांनी मारलेली गाठ ती. शेवटी अम्मांनी डबा माझ्या हातातून घेतला, अंगठ्याच्या नखाने एका बाजूने दोरा ओढला आणि डबा परत दिला. दोरा बोटाला गुंडाळून त्यांनी पुन्हा पेटीत ठेवून दिला.